ब्रॉयलरचे पाय खचू नयेत म्हणून खनिजांचा हिशेब कसा मांडावा

ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांची, पिल्ले बारा-चौदा दिवसांची झाली की शेडमध्ये शिरल्यावर खाद्याच्या भांड्यांआधी पिल्लांच्या पायांकडे पाहावे. माणूस आत आला की धडधाकट पिल्ले बाजूला सरकतात. ज्यांच्या हाडांत काही बिघडले आहे ती बसून राहतात, उठवली तर पंख टेकत दोन पावले टाकतात आणि पुन्हा खाली बसतात. अशी पाच-दहा पिल्ले दिसली की आपल्या नागपूर जिल्ह्यातला कुक्कुटपालक, मग तो कळमेश्वरचा असो, उमरेडचा असो की मौद्याचा, बहुतेक वेळा कॅल्शियमची बाटली आणून पाण्यात घालतो आणि खाद्याच्या पुढच्या घाण्यात चुनखडी वाढवतो. या उपायाच्या आधी काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. पाय बसण्यामागे कॅल्शियमचीच कमतरता असते असे नाही. अनेकदा ती फॉस्फरसची, डी-३ जीवनसत्त्वाची किंवा मँगनीजची असते, आणि फॉस्फरस कमी पडलेला असताना वाढवलेला चुना दुखणे कमी करण्याऐवजी वाढवतो.

याचे कारण हाडाच्या घडणीतच आहे. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते, म्हणजे त्याचे वजन पन्नास पटींनी वाढते आणि हे सगळे वजन दोन पायांवर पडते. वाढत्या हाडाच्या टोकाशी आधी मऊ कूर्चा तयार होते आणि मग तिच्यात खनिज बसून ती कडक होते. या खनिजात वजनाने साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस असतो. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८० टक्के फॉस्फरस हाडांतच साठलेले असते. दोहोंपैकी एक कमी पडले तर दुसरे कितीही असले तरी हाडात बसत नाही, विष्ठेतून आणि लघवीतून बाहेर जाते. शिवाय आतड्यात कॅल्शियम गरजेपेक्षा फार जास्त झाले तर ते फॉस्फरसला धरून न विरघळणारा क्षार बनवते आणि आधीच तोकडा असलेला फॉस्फरस पिल्लाच्या हाती लागत नाही. म्हणून खनिजांच्या बाबतीत नुसते प्रमाण पाहून चालत नाही, परस्परांतले गुणोत्तरही पाहावे लागते.

वेळही महत्त्वाची आहे. अंड्यातून बाहेर येईपर्यंत बलकातला फॉस्फरस, जस्त आणि मँगनीज यांचा साठा बराचसा संपलेला असतो, त्यामुळे पिल्लू पहिल्या दिवसापासून खाद्यावर अवलंबून असते. पायाच्या हाडांची घडण पहिल्या तीन आठवड्यांत सर्वांत वेगाने होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसणाऱ्या लंगडेपणाचे मूळ बहुधा पहिल्या दहा दिवसांच्या खाद्यात, किंवा पिल्ले खोक्यांत ताटकळल्यामुळे उशिरा सुरू झालेल्या खाण्यात असते.

एका क्विंटलचा हिशेब

ब्रॉयलरच्या स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या, खाद्यात ०.९० ते ०.९६ टक्के कॅल्शियम आणि ०.४५ ते ०.४८ टक्के उपलब्ध फॉस्फरस असावा. ग्रोअरमध्ये, म्हणजे मधल्या टप्प्याच्या खाद्यात, हे आकडे सुमारे ०.८५ आणि ०.४२ वर, तर फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, सुमारे ०.७७ आणि ०.३८ वर येतात. तिन्ही टप्प्यांत गुणोत्तर दोनास एकच्या आसपास राहते, हे लक्षात ठेवले तर आकडे विसरले तरी अंदाज चुकत नाही.

यातला ‘उपलब्ध’ हा शब्द निसटू देऊ नये. मका आणि सोयाबीन पेंड यांच्यातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या रूपात बांधलेला असतो आणि कोंबडीच्या आतड्यात तो सोडवणारे विकर (एन्झाइम) फारच थोडे असते. प्रयोगशाळेच्या अहवालात एकूण फॉस्फरस ०.६ टक्के दिसला म्हणून पिल्लाला तेवढा मिळाला, असे होत नाही. शिवाय हे फायटेट जस्तालाही धरून ठेवते.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. १०० किलो स्टार्टरमध्ये ५५ किलो मका आणि ३८ किलो सोयाबीन पेंड आहे, उरलेल्या जागेत तेल, खनिजे, अमिनो आम्ले आणि प्रीमिक्स (जीवनसत्त्वे व सूक्ष्म खनिजांचे तयार मिश्रण) आहे असे धरा. मक्यात कॅल्शियम जवळजवळ नसते, ०.०२ टक्के, उपलब्ध फॉस्फरस सुमारे ०.०८ टक्के. पेंडीत कॅल्शियम सुमारे ०.३० आणि उपलब्ध फॉस्फरस सुमारे ०.२२ टक्के. म्हणजे दोन्ही मिळून कॅल्शियम १२५ ग्रॅम आणि उपलब्ध फॉस्फरस १२८ ग्रॅम. आपल्याला हवे आहेत ९५० आणि ४५० ग्रॅम.

आधी फॉस्फरस भरून काढावा, कारण डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससोबत कॅल्शियमही आणते. ३२२ ग्रॅमची तूट आणि डीसीपीत १८ टक्के फॉस्फरस, म्हणून १.८ किलो डीसीपी लागते. त्याच १.८ किलोतून, २३ टक्क्यांच्या हिशेबाने, ४१४ ग्रॅम कॅल्शियम आपोआप येते. उरलेली कॅल्शियमची तूट ४११ ग्रॅम. चुनखडीच्या भुकटीत ३८ टक्के कॅल्शियम असते, म्हणून सुमारे १.१ किलो चुनखडी पुरते. एवढा हिशेब वहीत मांडायला दहा मिनिटे लागतात. घाण्यात ‘थोडा जास्त चुना’ म्हणून याच जागी २.२ किलो भुकटी गेली तर कॅल्शियम १.३७ टक्क्यांवर जाते आणि गुणोत्तर तीनास एक होते. फॉस्फरसची मात्रा वहीत तीच दिसते, पिल्लाला मात्र ती कमी मिळू लागते.

मिश्रणात फायटेज हे विकर वापरत असाल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. किलोमागे ५०० एककांची नेहमीची मात्रा दिल्यास मका-सोयाबीनच्या खाद्यात साधारण ०.१० ते ०.१५ टक्के उपलब्ध फॉस्फरस मोकळा होतो. ०.१२ टक्के धरला तर वरच्या उदाहरणातली डीसीपी १.८ किलोवरून १.१ किलोवर येते आणि खर्च वाचतो. पण डीसीपी कमी झाली की तिच्यातून येणारे १६० ग्रॅम कॅल्शियमही कमी होते, हे विसरले जाते. फायटेट सुटताना मोकळे होणारे थोडे कॅल्शियम जमेस धरूनही चुनखडी थोडी वाढवून १.२ किलोच्या आसपास न्यावी लागते. उलट चूक अशी की फायटेज घातले म्हणून डीसीपी कमी केली, पण विकराचे पाकीट महिनाभर पत्र्याखाली तापलेले होते. मग फॉस्फरस ना डीसीपीतून येतो, ना फायटेजमधून. नागपूरच्या उन्हाळ्यात विकर सावलीत आणि थंड जागी ठेवण्याची सोय नसेल तर डीसीपीची बचत करण्याच्या फंदात न पडणेच बरे, असे माझे मत आहे.

अंड्यांच्या कोंबड्यांचे खाद्य उरले म्हणून ब्रॉयलरला घालण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. लेअरच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडांना तो भार झेपत नाही, त्यांत युरेट (युरिक आम्लाचे क्षार) साठून गाऊट हा रोग होतो. हे खाद्य ब्रॉयलरला एक दिवसही घालू नये.

चुनखडी आणि डीसीपी पारखून घेणे

हिशेब बरोबर असून माल खोटा असेल तर सगळे फुकट जाते, आणि हे मी स्वतः अनुभवले आहे. एका लॉटला, म्हणजे एकदम आणलेल्या पिल्लांच्या एका तुकडीला, नेहमीपेक्षा स्वस्त मिळालेली डीसीपी वापरली. तेराव्या दिवशी पिल्ले बसू लागली, चोच बोटाने दाबली की रबरासारखी वाकत होती. मी चुनखडी वाढवली आणि चार दिवसांत बसलेल्या पिल्लांची संख्या दुप्पट झाली. पशुवैद्यकांनी दोन पिल्ले कापून पाहिली आणि डीसीपीचा नमुना तपासायला लावला. तिच्यात बरीचशी चुनखडीच मिसळलेली निघाली. म्हणजे खाद्यात आधीच चुना जास्त आणि फॉस्फरस कमी होता, आणि मी त्यावर आणखी चुना ओतला होता. त्या लॉटमधली कितीतरी पिल्ले त्या चार दिवसांत वाचू शकली असती, हे आजही मनाला लागून राहिले आहे.

तेव्हापासून प्रत्येक नवीन पोत्यातली चमचाभर डीसीपी काचेच्या ग्लासात घेऊन तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओततो. चांगली डीसीपी फारसा फेस न येता विरघळते; जोरदार फसफसली तर चुनखडीची भेसळ आहे असे समजावे. तळाशी न विरघळलेली वाळू उरली तर तीही दिसते. आम्ल हाताळताना हातमोजे घालावेत आणि ही चाचणी मोकळ्या हवेत करावी. ही झाली ढोबळ पारख. शंका आली तर कॅल्शियम, फॉस्फरस, आम्लात न विरघळणारी राख आणि फ्लोरीन या चार गोष्टींसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा. फ्लोरीनचा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही, कारण फॉस्फेटचा मूळ खडक फ्लोरीनयुक्त असतो आणि खाद्यासाठीच्या फॉस्फेटमध्ये फॉस्फरसच्या शंभर भागांना फ्लोरीनचा एक भाग, यापेक्षा जास्त फ्लोरीन असू नये. याच कारणाने शेतीच्या खताचे सुपर फॉस्फेट किंवा रॉक फॉस्फेट खाद्यात कधीही मिसळू नये.

चुनखडीच्या बाबतीत उलटे आहे: ती आम्लात लगेच आणि जोराने फसफसली पाहिजे. हळूहळू, नाइलाजाने फसफसत असेल तर ती डोलोमाइट असण्याची शक्यता असते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील संगमरवरी खडकांत डोलोमाइट आहे, आणि दगड कापण्याच्या ठिकाणची भुकटी स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमचे प्रमाण मोठे असते. ते कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणते आणि विष्ठा पातळ करते, मग पिल्लांखालची तुसाची गादी ओली होते. भुकटी मैद्यासारखी अतिबारीक घेण्यापेक्षा बारीक रव्यासारखी घ्यावी. अतिबारीक भुकटी पोटात झपाट्याने विरघळून फायटेटला घट्ट धरते आणि फायटेजचे काम अवघड करते.

बोअरवेलचे पाणी जड आहे, त्यातून कॅल्शियम मिळतेच, असेही ऐकायला मिळते. लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेले पाणी पिल्लू खाद्याच्या दुप्पट प्याले तरी त्यातून खाद्याच्या ०.०२ टक्के एवढेच कॅल्शियम मिळते. जड पाण्याने पिण्याच्या निपलमध्ये (नळीच्या तोट्यांत) खर साचते आणि पिल्लांचे पिणे कमी होते, त्रास खरा तो आहे.

मँगनीज आणि जस्त

मुडदूस झालेल्या पिल्लाचे हाड मऊ असते. मँगनीज कमी पडलेल्या पिल्लाचे हाड मात्र कडकच असते, पण आखूड आणि जाड होते, सांधा सुजतो, आणि मग एके दिवशी मागची जाड कंडरा सांध्याच्या खोबणीतून बाजूला घसरते. पाय आडवा वळतो आणि पिल्लाला पुन्हा उभे राहता येत नाही. ज्याला आपण कोंबडीचा गुडघा म्हणतो तो सांधा शरीररचनेच्या दृष्टीने घोटा आहे, आणि ही कंडरा त्याच्यामागूनच जाते. या व्याधीला पेरोसिस म्हणतात. घसरलेली कंडरा औषधाने जागेवर येत नाही. तशा पिल्लाला वेदनेत न ठेवता वेगळे काढावे आणि उरलेल्यांसाठी खाद्य दुरुस्त करावे. कोलीन, बायोटिन आणि फॉलिक आम्ल यांची कमतरताही असाच पाय वाकवते, म्हणून नुसते मँगनीज पाहून थांबू नये.

खाद्यात किलोमागे १०० ते १२० मिलिग्रॅम मँगनीज आणि साधारण तेवढेच जस्त असावे. मँगनीज सल्फेटमध्ये सुमारे ३१ टक्के मँगनीज असते, म्हणजे क्विंटलला ३२ ते ३९ ग्रॅम सल्फेट झाले. नागपूर-भंडारा हा मँगनीजच्या खाणींचा पट्टा आहे. मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग ही नावे आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत, आणि देशातली मोठी मँगनीज कंपनी मॉइल हिचे मुख्यालय नागपूर शहरातच आहे. त्यामुळे खनिजाचा दगड दळून घातला तर काय बिघडले, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्या धातुकात मँगनीज बव्हंशी डायऑक्साइड आणि इतर जड रूपांत असते, ते सल्फेटइतके शोषले जात नाही, आणि त्यासोबत इतर काय येते याची खात्री नसते. खाद्यासाठी खाद्यदर्जाचे सल्फेट किंवा मँगनस ऑक्साइडच वापरावे.

जस्त कमी पडले तरीही पाय आखूड व जाड होतात, सांधे मोठे दिसतात, पण सोबत पिसे विस्कटलेली आणि पायांची कातडी खवलेदार, भेगाळलेली असते. या खुणेवरून भेद करता येतो. चुना जास्त झाला की फायटेट जस्ताला आणखी घट्ट धरते, म्हणजे चुन्याचा अतिरेक इथेही आडवा येतो.

क्विंटलमध्ये तीस-चाळीस ग्रॅमचा पदार्थ सगळीकडे सारखा पोहोचवणे हे कौशल्याचे काम आहे. सूक्ष्म खनिजे आधी एक किलो मक्याच्या बारीक भरड्यात हाताने मिसळावीत, तो भरडा दहा किलोंत, आणि ते दहा किलो उरलेल्या घाण्यात. सरळ मिक्सरमध्ये टाकले तर एका पिल्लाच्या वाट्याला सगळे आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही, अशी गत होते. भरड खाद्यात जड खनिजे भांड्याच्या तळाशी बसतात, त्यामुळे भांडी सतत काठोकाठ भरत राहण्यापेक्षा दिवसातून एकदा पिल्लांना ती तळापर्यंत संपवू द्यावीत. खाद्यावर तेलाचा हात असेल तर हे वेगळे होणे कमी होते.

डी-३ जीवनसत्त्व आणि नागपूरचा उन्हाळा

आतड्यातून कॅल्शियम आत घेण्याचे काम डी-३ जीवनसत्त्वाच्या आज्ञेवर चालते. पक्ष्यांना डी-२ हे रूप फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून लेबलवर डी-३ लिहिलेले पाहून घ्यावे. बंद शेडमधल्या ब्रॉयलरला ऊन मिळत नाही, त्याची सगळी भिस्त खाद्यावर असते. व्यावसायिक खाद्यात किलोमागे ३००० ते ५००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) डी-३ ठेवण्याची पद्धत आहे. याचेच पुढचे रूप, २५-हायड्रॉक्सी डी-३, किलोमागे ६९ मायक्रोग्रॅम या मात्रेने दिले जाते आणि आतड्याचे किंवा यकृताचे काम बिघडलेले असताना ते अधिक भरवशाचे ठरते, कारण यकृतात व्हायचा एक टप्पा त्याने आधीच ओलांडलेला असतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. अशा जागी दोन-तीन महिने ठेवलेल्या प्रीमिक्समधले जीवनसत्त्व लेबलवर छापल्याइतके उरत नाही. त्यातही कोलीन क्लोराइड ओल ओढून घेते आणि सोबतच्या जीवनसत्त्वांचा नाश लवकर घडवते, म्हणून कोलीन, सूक्ष्म खनिजे आणि जीवनसत्त्वे ही तीन पाकिटे वेगवेगळी ठेवावीत, घाण्याच्या वेळीच एकत्र आणावीत, आणि महिनाभराला पुरेल एवढीच खरेदी करावी. जुने, खवट तेल खाद्यात घातले तरी हीच हानी होते. पावसाळ्यात धोका मक्याचा असतो: ओलावा १३ टक्क्यांच्या वर असलेला मका साठवला तर बुरशी धरते, तिच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत बिघडते, मेद पचत नाही आणि मेदात विरघळणारे डी-३ आत जात नाही. पिल्लाला खाद्य भरपूर, खनिजे बरोबर, तरी मुडदूस, असे दिसले तर मक्याची पोती उघडून वास घ्यावा. कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाने किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने आतडे सोललेले असले तरी परिणाम तोच होतो.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम खाण्यावर होतो. दुपारी पक्षी खात नाहीत, म्हणजे टक्केवारी तीच राहून दिवसाचे कॅल्शियम आणि फॉस्फरस मात्र घटतात. धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि लघवीवाटे पोटॅशियम व इतर क्षार जातात. खाद्य पहाटे आणि रात्री द्यावे, अकरा ते पाच भांडी वर उचलावीत, पाणी थंड ठेवावे.

याला लागूनच मिठाचा मुद्दा येतो. सोडियम व पोटॅशियम एका बाजूला आणि क्लोराइड दुसऱ्या बाजूला, यांचा तोल ढळून क्लोराइड वाढले की पायाच्या मोठ्या हाडाच्या वरच्या टोकाशी कूर्चेचा न कडक झालेला गोळा साचून राहण्याचे प्रमाण वाढते. त्याला टिबिअल डिसकॉन्ड्रोप्लेशिया म्हणतात. कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस जास्त झाला किंवा धान्यावर फ्युजेरियम बुरशी आली तरीही हा दोष वाढतो. तोल मोजण्याची रीत अशी: सोडियमची टक्केवारी गुणिले ४३५, अधिक पोटॅशियमची गुणिले २५६, उणे क्लोराइडची गुणिले २८२. सोडियम ०.१८, पोटॅशियम ०.९० आणि क्लोराइड ०.२३ टक्के असेल तर ७८ अधिक २३० उणे ६५, म्हणजे २४३ येतात. उत्तर २०० ते २५० च्या दरम्यान असावे. सगळे सोडियम मिठातून दिले तर क्लोराइड वाढते, आणि लायसिन हायड्रोक्लोराइड व कोलीन क्लोराइड त्यात आपली भर घालतात. म्हणून क्विंटलला २५० ग्रॅम मीठ आणि २५० ग्रॅम खाण्याचा सोडा अशी विभागणी बहुतेक मका-सोयाबीनच्या खाद्याला जुळते. खाद्यात सुकी मासळी असेल तर तिच्यातले मीठ आधी वजा करावे.

पाय कसे तपासावेत

सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली मिळून शंभरेक पिल्ले चालवून पाहावीत आणि किती डगमगतात, किती बसून राहतात, ते वहीत लिहावे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन आठवड्यांतला फरक जास्त सांगतो.

नुकतेच मेलेले किंवा लंगडे म्हणून काढलेले पिल्लू हाती असेल तर आधी चोच दाबून पाहावी, मग बरगड्यांच्या आतल्या बाजूने बोट फिरवावे. मुडदुसात बरगडी जिथे वाकते तिथे जपमाळेच्या मण्यांसारख्या गाठी लागतात. त्यानंतर तंगडीचे हाड स्वच्छ करून दोन्ही हातांनी मोडावे. चांगले हाड काडकन मोडते. खनिज कमी असलेले हाड ओल्या फांदीसारखे वाकते आणि आवाज न करता दुमडते. या एका चाचणीला काही खर्च नाही आणि ती क्वचितच फसवते. शेवटी हाडाचे वरचे टोक सुरीने उभे चिरावे. तिथे पांढरट कूर्चेचा पट्टा पातळ आणि सरळ दिसला तर ठीक. पट्टा सगळीकडे जाड असेल तर मुडदूस, आणि हाडाच्या आत शिरलेला शंकूसारखा गोळा असेल तर डिसकॉन्ड्रोप्लेशिया. कॅल्शियमच्या आणि फॉस्फरसच्या मुडदुसातला फरक मात्र नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. नागपुरात सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या भागातल्या पालकांची मोठी सोय आहे. पक्षी ताजा, बर्फात ठेवलेला, आणि सोबत खाद्याचा अर्धा किलो नमुना, असे घेऊन पशुवैद्यकाकडे जावे.

मांडीच्या हाडाचे डोकेही पाहावे. ते पिवळट, भुसभुशीत झालेले असेल तर तिथे जिवाणूंचा संसर्ग आहे, खनिजांचा तुटवडा नव्हे. नुसती वरची टोपी निघून आली म्हणजे रोग, असे मात्र समजू नये. कापताना ओढ बसली तर ती चांगल्या पक्ष्यातही निघते.

लॉट बसू लागला तर

पहिल्या दिवशी खाद्यात काहीही वाढवू नये. घाण्याची वही, पोत्यांची लेबले आणि खाद्याचा नमुना समोर घ्यावा आणि वरचा हिशेब पुन्हा करावा. शक्य असेल तर त्याच दिवशी खात्रीच्या दुसऱ्या स्टार्टर खाद्यावर पिल्ले न्यावीत, कारण कारण सापडेपर्यंत तेच खाद्य चालू ठेवणे हा सर्वांत महाग पर्याय असतो. पाण्यातून डी-३ देण्याचा उपयोग लवकर दिसतो, पण मात्रा पशुवैद्यकाने ठरवलेली असावी. अतिरेक झाला तर मूत्रपिंडात चुना साठतो.

कॅल्शियमच्या बाटलीचाही हिशेब करून पाहावा. चौदा दिवसांचे पिल्लू दिवसाला साधारण ६५ ग्रॅम खाद्य खाते, त्यातून त्याला ०.६ ग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. शंभर पिल्लांचे झाले ६० ग्रॅम. समजा बाटलीवर १०० मिलिलिटरला १.६ ग्रॅम कॅल्शियम लिहिले आहे आणि शंभर पिल्लांना २० मिलिलिटर दिले, तर मिळाले ०.३२ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या शंभरात जेमतेम अर्धा भाग. बाटलीत डी-३ असेल तर जो गुण आला तो बहुधा त्याचा.

करार पद्धतीने पिल्ले घेणाऱ्यांनी कंपनीच्या खाद्यात स्वतःहून काहीही मिसळू नये. ते खाद्य कुठल्या हिशेबाने बनले आहे आणि त्यात फायटेज किती धरले आहे, हे आपल्याला माहीत नसते. बसलेल्या पिल्लांचे मोबाइलवर चित्रण करावे, पोत्याचा घाणा क्रमांक टिपावा आणि सुपरवायझरला त्याच दिवशी लेखी कळवावे.

शेडच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवसांत गुळगुळीत कागदावर किंवा प्लास्टिकच्या पोत्यावर पिल्ले ठेवली तर पाय फाकतात. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांचे तूस आपल्याकडे सहज मिळते, त्याची दोन-तीन इंचांची कोरडी गादी करावी. पहिला आठवडा संपल्यावर रात्री सलग चार ते सहा तास अंधार द्यावा. सतत उजेडात पिल्लू खातच राहते आणि मांस हाडाच्या पुढे धावते. अंधारात ते विसावते आणि पायांना सवड मिळते.

खाद्य दुरुस्त केल्यावर सातव्या दिवशी एक-दोन पिल्लांचे हाड पुन्हा मोडून पाहावे. चोच आधी कडक होते, तंगडीच्या हाडाला थोडा जास्त वेळ लागतो, आणि जे पाय वाकलेच आहेत ते सरळ होत नाहीत. प्रत्येक घाण्यातले एक किलो खाद्य हवाबंद पिशवीत, वर तारीख आणि डीसीपीच्या पोत्याचा क्रमांक लिहून, तो लॉट विकला जाईपर्यंत सावलीत जपून ठेवावे.